सिसिलीच्या मिरवणुकीतले बाबा

बाबा, तुम्ही गेल्यावर साताऱ्याच्या घरी जो भेटायला येई तो समीरला एकच सांगून जाई. या वर्षी सण नाहीत. पाडवा नाही, गणपती नाही, दिवाळीला आकाशकंदील नाही. समीरने मान हलवली आणि इथे जर्मनीत, नेकारसुल्मला परत आल्यावर ते इतकं मनावर घेतलं की आपल्या ईराच्या मैत्रिणीच्या वाढदिवसालासुद्धा "जायलाच हवं का?" असं विचारलं. त्याचे वडील गेले होते.

मग मार्चच्या शेवटी तळमजल्यावरचा आपला सिसिलियन शेजारी तूरी जिना चढून वर आला. दारातच उभं राहून त्याने विचारलं, "ईस्टरच्या शुक्रवारी आमच्या गावी येताय ना?"

समीरने त्याला नीट समजावून सांगितलं, की आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत.

"सण?" तूरी म्हणाला. "शुक्रवारी कुठला सण? शुक्रवारी तर येशूची अंत्ययात्रा असते."

समीर बुटांच्या कपाटाकडे वळून म्हणाला, "उरलाउब मिळतो का बघतो." दोन वर्षांपूर्वी जी रजा त्याला काही केल्या मिळत नव्हती, ती या वेळी एका ईमेलवर मिळाली. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही पहिल्यांदा इथे आलात तेव्हा बायपासला जेमतेम वर्ष झालं होतं. विमानतळावर समीरला औषधांची पिशवी दिसेना, पण क्लॅरिनेटची पेटी मात्र तुमच्या काखेत होती. ती तुम्ही सामानात टाकली नव्हती. मुंबईला तपासणीच्या वेळी "यात काय आहे?" म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही ते तिथेच जोडून दोन ओळी वाजवून दाखवल्यात म्हणे, आणि मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. उभी हयात जिल्हा पोलीस बँडमध्ये काढलेला माणूस. पंधरा ऑगस्टची सलामी आणि साहेबांची अंत्ययात्रा, दोन्ही त्याच ओठांनी वाजवलेली.

आमच्या इमारतीत ते कसं चालणार होतं? जिन्यात हाउसओर्डनुंग, म्हणजे इमारतीच्या नियमांची पाटी, लावलेली आहे: दुपारी जेवणानंतर शांतता, रविवारी पूर्ण दिवस शांतता. तुम्ही दुसऱ्याच सकाळी गॅलरीत उभं राहून भूपाळी सुरू केलीत. वरच्या मजल्यावरच्या बाई गाऊनवरच खाली आल्या आणि पुन्हा असं झालं तर पोलिसांना बोलावीन म्हणाल्या. मी भाषांतर करून सांगितलं. तुम्ही अतिशय गंभीरपणे विचारलंत, "मीच पोलीस होतो, हे सांगितलंस का तिला?"

म्हणून तुमची रवानगी केलरमध्ये झाली. तळघरातल्या लाकडी पट्ट्यांच्या त्या खोपटात, आमच्या हिवाळी टायरांच्या आणि रिकाम्या बॅगांच्या मध्ये स्टूल टाकून तुम्ही वाजवत बसायचात. शेजारचं खोपट तूरीचं. त्याने आयुष्यभर इथल्या गाड्यांच्या कारखान्यात काम केलं, आता निवृत्त, एकटा. घरी केलेल्या टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या तो खाली ठेवतो. एक बाटली न्यायला म्हणून उतरला आणि पट्ट्यांतून तुमच्याकडे बघत उभा राहिला. तुम्ही थांबलात. त्याने हाताने खूण केली, वाजवा. मग वर जाऊन स्वतःचा ट्रंपेट घेऊन आला.

तुमच्या दोघांत एकही भाषा सामाईक नव्हती. तुमचं मराठी, त्याची कारखान्यातली जर्मन. दुभाषी मी. तो "सी बेमोल" म्हणायचा, तुम्ही "बी फ्लॅट" म्हणायचात. मी शोधून काढलं की जर्मनीत त्याला नुसतंच "बी" म्हणतात, आणि आपला जो बी, त्याला "हा" म्हणतात.

"कोण हा?" तुम्ही विचारलंत.

"हा नाव आहे, बाबा. त्या सुराचं नाव हा."

"अगं पण कोण हा?"

तूरीला काहीही कळलं नव्हतं, तरी तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. तेव्हापासून केलरमध्ये भेटलात की तुम्ही दोघं एकमेकांना "हा!" म्हणूनच हाक मारायचात.

त्याच वसंतात तूरीने ती गोष्ट काढली. सिसिलीत डोंगरावर त्याचं गाव. गावाचा स्वतःचा बँड, पण अर्ध्याहून जास्त वादक पोटापाण्यासाठी जर्मनीत, बेल्जियममध्ये, मिलानला. ते ईस्टरला परत येतात आणि त्या आठवड्यापुरता बँड पुन्हा भरतो. त्या वर्षी त्याच्या चुलतभावाने पुढचे दात काढून घेतले होते, आणि दातांवाचून क्लॅरिनेट वाजवता येत नाही. "वसंतो येईल का?" तूरीने मला विचारलं, तुमच्याकडे बघत.

त्या संध्याकाळी जेवताना केवढा वाद झाला! समीर म्हणाला, "बाबा, तुमच्या छातीला तारा बांधल्यात." तुम्ही म्हणालात, "छातीला बांधल्यात. तोंडाला नाही." ईरा तेव्हा सात वर्षांची. मराठी सगळं समजतं पण बोलते जर्मनच, ती मध्येच "ओपा हाट रेश्ट" म्हणून मोकळी झाली. आजोबांचं बरोबर आहे. शेवटी मांडवली अशी झाली की मी सोबत जायचं, घडीचं स्टूल न्यायचं, आणि तुम्ही पहिल्या कोपऱ्यापर्यंतच चालायचं. तुम्ही लगेच कबूल झालात. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शुक्रवारी दुपारी त्यांनी तुम्हाला बँडचा निळा कोट आणि टोपी दिली. टोपी मोठी होत होती म्हणून तूरीच्या बहिणीने आत वर्तमानपत्राची घडी बसवली. चर्चमधून काचेच्या पेटीत निजलेला ख्रिस्त बाहेर आला, त्याच्या मागे काळ्या झग्यातली त्याच्या आईची मूर्ती. खांदेकरी दोन पावलं पुढे टाकायचे आणि जागच्या जागी डुलायचे, पुन्हा दोन पावलं. तुमच्या क्लॅरिनेटला कागद अडकवायचा चिमटा होता, त्यावर तळहाताएवढं स्वरलेखन. तुम्ही ते आधी एकदाच वाजवून बघितलं होतं. पण पहिल्या चार पावलांतच तुमची पाठ सरळ झाली आणि मी ओळखलं, आता हे माझं ऐकणार नाहीत.

पहिला कोपरा आला. मी पुढे जाऊन स्टूल उघडलं. तुम्ही एका हाताने ते उचललंत, कडेला उभ्या असलेल्या एका म्हातारीपुढे ठेवलंत आणि पुढे गेलात. ती बसली, मला "ग्रात्सिए" म्हणाली. इतक्यात समीरचा फोन. "बसलेत ना ते?"

"स्टूल उघडलंय मी," मी म्हणाले.

गावाची रीत अशी, की ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल त्या घरासमोर मिरवणूक थांबते. तूरीचा भाऊ हिवाळ्यात गेला होता. त्याची बायको सज्ज्यात उभी होती, कठड्यावर घरातली चांगली चादर टाकलेली. बँड गप्प झाला आणि फक्त ट्रंपेट आणि क्लॅरिनेटने ती ओळ घेतली. तूरीच्या ट्रंपेटचा सूर मध्येच कापला. तो थांबला. तुम्ही थांबला नाहीत. त्याची ओळ आणि तुमची ओळ, दोन्ही तुम्हीच शेवटापर्यंत नेल्यात, वर बघत, त्या बाईंकडे बघत.

नंतर जेवताना मी विचारलं, दमलात का? तुम्ही म्हणालात, "साहेबांच्या अंत्ययात्रेत किती वेळा वाजवलंय. पण तिथे नजर समोर, असा हुकूम. घरच्यांकडे बघून मी आयुष्यात पहिल्यांदा वाजवलं गं, मेधा." आणि मग दुसरी वाटी भरून मसूर मागितलेत. मी तो प्रसंग कितीदा समीरला सांगितला असेल, पण ती वाटी सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही.

रविवारची गंमत त्याहून मोठी. चौकाच्या एका टोकाला उठून उभा राहिलेला ख्रिस्त, दुसऱ्या टोकाला अजूनही काळ्या झग्यातली आई, आणि मधून एका शिष्याचा पुतळा खांद्यावर घेऊन तरुण पोरं अक्षरशः पळतात. तो आईला निरोप सांगतो, मुलगा जिवंत आहे. आई मान वळवते. विश्वास नाही. शिष्य परत पळत जातो, परत येतो. तरी नाही. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "तुझ्या सासूबाईंचा स्वभाव. तिसऱ्यांदा सांगितल्याशिवाय खरं वाटायचं नाही." आणि खरोखर तिसऱ्या खेपेला ती आई निघाली, आधी हळू, मग धावत, आणि चौकाच्या मध्यावर कुणीतरी दोरी ओढली. काळा झगा घसरून खाली पडला. आत आकाशी रंगाचं वस्त्र! पांढरी कबुतरं उडाली, फटाक्यांनी कान बसले, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि बँडने जोरात सुरुवात केली.

तुम्ही सोडून. तुम्ही क्लॅरिनेट छातीशी धरून, तोंड उघडं टाकून त्या आईकडे बघत होता. बँडमास्तरने वळून तुमच्यावर डोळे वटारले. तुम्ही साहेबांपुढे व्हायचात तसे ताठ झालात, मग तुम्हाला हसू फुटलं, आणि हसता हसता फुंकल्यामुळे पहिला सूर असा काही निघाला की पुढच्या रांगेतली सगळी ढोलवाली मंडळी मागे वळली.

सोमवारी सगळं गाव शेतावर. निखाऱ्यांत भाजलेले आर्टिचोक. "खालून वांगं, वरून कमळ," तुम्ही म्हणालात, आणि पाकळी कशी दातांनी ओढून खायची ते तूरीच्या बहिणीने दाखवलं. परत निघताना बँडमास्तरने टोपी परत घेतली नाही. ती अजून तुमच्या साताऱ्याच्या कपाटात आहे. तुम्ही गेल्यावर समीरच्या मामींनी ती कुणाला तरी देऊन टाकायची म्हणून काढून ठेवली होती, मी उचलून पुन्हा आत ठेवली.

आपला वाद मात्र तिथूनच सुरू झाला. तुम्ही म्हणायचात, त्यांचा शुक्रवार शुक्रवारीच असतो आणि तुमच्या इथल्या मराठी मंडळाची गणेशचतुर्थी शनिवारी कशी? मी म्हणायचे, बाबा, हॉल शनिवारीच मिळतो, लोक स्टुटगार्टहून, हायलब्रॉनहून येतात, सोमवारी सगळ्यांना ऑफिस असतं. "त्या लोकांना नसतं का ऑफिस? बेल्जियमहून येतात ते." ते वर्षातून एकदा येतात, बाबा, आमचे सण वर्षभर चालतात. "मग वर्षातून एकच करा, पण त्या दिवशी करा." मी मंडळाची सेक्रेटरी. मला ते लागायचं आणि मी वाद सोडायची नाही. तुम्ही तर मुळीच नाही. गेल्या सप्टेंबरात तुम्ही दुसऱ्यांदा आलात ते या वादाचा पुढचा भाग घेऊनच.

तेव्हा तुम्ही काय केलंत ते मंडळात अजून सांगतात. गणपती शनिवारीच बसले, त्यात मी जिंकले. पण विसर्जनाला, म्हणजे हॉलच्या मागच्या गाडीतळावरून पाण्याच्या पिंपापर्यंत, मी मोबाइलवर ढोलताशा लावणार, तोच कोपऱ्यावरून तूरी आणि त्याच्या फेराइनचे, म्हणजे इथल्या त्यांच्या मंडळाचे, सहा सिसिलियन म्हातारे वाजवत आले, तुम्ही मध्ये. त्यांनी न सांगता पाट खांद्यावर घेतला आणि आपल्या सवयीने दोन पावलं पुढे टाकून डुलायला लागले. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका पोराने मला विचारलं, "ताई, ही नवीन स्टाइल कुठली?" मी म्हणाले, डोंगरावरची. चाळीस पावलांची ती वाट पार करायला आम्हाला पाऊण तास लागला आणि बाप्पा एवढे डुलत यापूर्वी कधी गेले नसतील. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "आता हेच चतुर्थीपासून दहाव्या दिवशी केलं असतं तर?" मी उशी फेकून मारली.

नोव्हेंबरमध्ये, तुमचा व्हिसा संपायच्या आधी, तूरी आपल्या सगळ्यांना पुन्हा गावी घेऊन गेला. तिथे मेलेल्या माणसांचा दिवस असतो. घरातली गेलेली माणसं रात्री येऊन मुलांसाठी खाऊ आणि खेळणी लपवून जातात, सकाळी मुलं घरभर शोधत फिरतात. ईराला पलंगाखाली साखरेची बाहुली सापडली, लाल झग्यातली. तूरीच्या बहिणीने तिला खुणेने आणि मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, ही तुझ्या आजीने आणली.

ईराने बाहुलीकडे बघितलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "पण आजी तर मला ओळखतच नाही."

आईंना जाऊन ईराच्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली होती. मी काहीतरी म्हणणार होते, पण तुम्ही मराठीत बोलायला लागलात. "ओळखते की. मी रोज सांगतो तिला. आज ईराने दात पाडला, आज ईरा सायकल शिकली. तिला सगळं ठाऊक आहे. फक्त तुला कुठला रंग आवडतो ते सांगायचं राहिलं, म्हणून तिने आपल्या आवडीचा आणला."

ईरा विचार करून म्हणाली, "निळा." आणि मग, बाबा, कधी नव्हे ते मराठीत, "तिला सांगा."

"सांगतो," तुम्ही म्हणालात.

मी तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेले. तुम्हाला वाटलं असेल कॉफी बघायला गेले. मला तुमचे आभार मानायचे होते आणि आपल्याकडे सासऱ्यांचे आभार कसे मानतात ते मला कुणी शिकवलं नाही. "अहो बाबा, थँक यू" असं काहीतरी म्हणाले असते तर तुम्ही "कशाबद्दल?" म्हणाला असतात आणि मला सांगता आलं नसतं.

जानेवारीत फोनवर आपण पुन्हा भांडलो. तुमचं म्हणणं, पाडवा यंदा आठवड्याच्या मध्ये येतो, तरी त्याच दिवशी गुढी उभारा, ऑफिसच्या आधी, तूरीला सकाळी वाजवायला सांगा. मी म्हणाले, सकाळी वाजवलं तर वरच्या बाई येतील. तुम्ही म्हणालात, "येऊ देत. साखरेची माळ घाल तिच्या गळ्यात." मग तुम्हाला खोकला आला आणि आपण, उद्या बोलू, म्हणालो. त्या आठवड्यात तुम्ही गेलात. तो वाद तसाच राहिला. मला तो जिंकायचा नाही, बाबा. मला तो चालू हवा होता.

तर आता या वर्षीचं सांगते. शुक्रवारी समीर संपूर्ण मिरवणूक क्लॅरिनेटच्या रांगेमागे चालला. तूरीच्या चुलतभावाने नवे दात बसवलेत, तो वाजवत होता, बरा वाजवतो, तुमच्याइतका नाही. रविवारी चौकात समीर कडेला उभा होता, हात खिशात. झगा पडला, कबुतरं उडाली, फटाके सुरू झाले. ईरा ओरडत होती. समीरने माझ्याकडे वाकून विचारलं, "इथेच चुकले होते ना बाबा?" मी म्हणाले, हो, बरोब्बर इथेच. त्याने खिशातून हात काढले आणि टाळ्या वाजवायला लागला, पार बँड थांबून गेल्यावरही.

मंगळवारी निघताना आम्ही पाव घ्यायला चौकात गेलो. तिथे चर्चच्या बाजूच्या भिंतीवर गावात गेलेल्यांचे कागद लावतात, काळी चौकट, नाव, बाजूला क्रूस. त्या रांगेत एका कागदावर क्रूसाच्या जागी क्लॅरिनेटचं चित्र होतं. खाली ठळक अक्षरांत, "वसंतो, वादक." तूरीने गावी पोचल्या पोचल्या छापून घेतला होता आणि आम्हाला सांगायला लाजला होता. समीर त्या कागदापुढे उभा राहिला. नाव चुकलंय, आडनाव नाही, असं काही तो म्हणेल असं मला वाटलं. त्याने कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई थांबल्या, कागद वाचला, मग आमच्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मला विचारलं, "फिल्या?" मुलगी का? सुनेला काय म्हणतात ते तूरीने मला शिकवलेलं आहे, त्या क्षणी आठवतही होतं.

"सी," मी म्हणाले. हो.

बाईंनी पिशवी खाली ठेवून मला जवळ घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले, तुमच्याबद्दल काय काय बोलल्या. त्यातलं मला निम्मं कळलं. मग समीरकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं. त्याला इटालियनचा गंध नाही. त्याने आदराने मान झुकवून सांगितलं, "सी, सी." बाईंनी त्याच्या गालावर थोपटलं, हळहळल्या आणि निघून गेल्या.

"काय विचारलं त्यांनी?" गाडीत बसताना समीर म्हणाला.

"हा जावई का, असं विचारलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागला, इतका, की मागे बसलेली ईरा "काय झालं, काय झालं" करत राहिली. तुम्ही गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले, गाडी सुरू केली, आणि म्हणाला, "सांगू दे सगळ्या गावाला. लेक तर तूच होतीस त्यांची."